दक्षिणा कोणाची, निवड कोणाची?

पेशवाईत श्रावण महिन्यात पर्वतीच्या पायथ्याशी, रमण्यात, विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पैसा साऱ्या रयतेचा. घेणारी मात्र एकच जात. 1818 नंतर इंग्रजांनी ही दक्षिणा हळूहळू आटवली आणि तिच्यातल्याच पैशातून 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. 1849 मध्ये लोकहितवादींसह काही सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की या निधीचा काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. सनातनी पुणे खवळले. अर्जदारांना दमदाटी होऊ लागली, तेव्हा 22 वर्षांचे जोतीराव फुले आपले कष्टकरी सोबती घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अर्ज पोहोचला, मान्य झाला आणि मराठी ग्रंथांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली. 1855 मध्ये फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून याच कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त नोंदवून ठेवले आहे. ते नाटक छापले जायला 1979 साल उजाडले.

लोकशाहीत सरकारने संस्कृतीसाठी काय करावे, या प्रश्नाची जवळजवळ सगळी अंगे या एका पुणेरी प्रकरणात आहेत. सार्वजनिक पैसा सगळ्यांसाठी खर्च व्हावा, ही मागणी रास्त होती. ती मांडणाऱ्यांना संरक्षण लागले. मागणी मान्य झाल्यावर निवड कोणी करायची हा प्रश्न उरला आणि तिथे जुनीच मंडळी नव्या खुर्चीत बसलेली निघाली. पैसा, संरक्षण आणि निवड या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. आपल्याकडची सांस्कृतिक धोरणे पहिलीबद्दल भरभरून बोलतात, तिसरी हातातून सोडत नाहीत आणि दुसरीकडे बहुधा दुर्लक्ष करतात.

महाराष्ट्राला धोरणाचे वावडे नाही. डॉ. आ. ह. साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या मसुद्यावरून राज्याने 2010 मध्ये सांस्कृतिक धोरण आखले. पुढे विनय सहस्रबुद्धे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याचा नव्याने विचार केला आणि 2024 मध्ये नवे धोरण आले. कारागिरीपासून गडकिल्ल्यांपर्यंत आणि लोककलांपासून चित्रपटापर्यंत त्याचा पसारा आहे. कोणत्याही पक्षाच्या सरकारने असा व्यापक विचार करायला समिती नेमावी, यात वावगे काही नाही. प्रश्न पसाऱ्याचा नाही, अधिकाराचा आहे.

‘सरकारने या भानगडीत पडूच नये’ असे म्हणणारा एक पक्ष आहे आणि पुण्यात त्याच्या बाजूने पुरावे भरपूर सापडतात. 1848 मध्ये सुरू झालेले पुणे नगर वाचन मंदिर, 1906 ची महाराष्ट्र साहित्य परिषद, 1910 चे भारत इतिहास संशोधक मंडळ, 1917 ची भांडारकर संस्था ही सगळी लोकांनी वर्गण्या, देणग्या आणि फुकटची मेहनत घालून उभी केलेली कामे. भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ 1953 मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव आज हजारो रसिक तिकीट काढून ऐकतात. महाराष्ट्रीय कलोपासकने 1963 पासून चालवलेल्या पुरुषोत्तम करंडकाने मराठी रंगभूमीला किती नट, लेखक, दिग्दर्शक दिले याची मोजदाद अवघड आहे. त्यासाठी मंत्रालयात खाते उघडावे लागले नाही. शिवाय ज्याचे अनुदान घ्यावे त्याच्याविरुद्ध बोलताना जीभ अडखळते, हा अनुभव जुना आहे.

तरी हा युक्तिवाद अर्धा आहे. वर्गणी काढून संस्था उभी करायला ज्यांच्याकडे फुरसत, अक्षरओळख आणि ओळखीपाळखी होत्या, त्यांच्याच संस्था पेठांत उभ्या राहिल्या. सत्यशोधक जलशांना, आंबेडकरी शाहिरांना, तमाशाच्या फडांना अशा इमारती मिळाल्या नाहीत. त्यांची कला लोकांच्या जिवावर जगली खरी, पण एका पावसाळ्यात किंवा एका साथीत तिचे कंबरडे मोडते, हे करोनाच्या 2 वर्षांत साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. बाजारालाही स्वतःची कात्री असते. ज्या नाटकाला पहिल्या 10 प्रयोगांत बुकिंग नाही ते अकराव्याला पोहोचत नाही, मग ते कितीही मोलाचे असो. राज्य सरकारची हौशी नाट्यस्पर्धा 1954 पासून चालू आहे. तिकिटाच्या हिशेबात कधीच न बसलेल्या गावोगावच्या मंडळींना तिने रंगमंच दिला. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे राज्यात सुमारे 11 हजार अनुदानित ग्रंथालये आहेत. अनुदान तुटपुंजे आहे, सेवकांचे पगार लाजिरवाणे आहेत. पण ती ग्रंथालये नसती तर अनेक तालुक्यांत पाठ्यपुस्तकापलीकडचे पुस्तक दिसले नसते.

म्हणून सरकारने पैसा द्यावा, हे आम्हाला मान्य आहे. लोकशाही फक्त मतपेटीवर चालत नाही. आपल्यापेक्षा वेगळ्या माणसाचे म्हणणे 2 तास गप्प बसून ऐकण्याची सवय समाजाला लागावी लागते आणि ती वाचनालयात, नाट्यगृहात, कीर्तनात, शाहिराच्या फडातही लागते. अशा जागा सर्वांच्या आवाक्यात ठेवणे हे रस्ते आणि पाणी पुरवण्याइतकेच सार्वजनिक काम आहे.

खरी अडचण पुढे येते. पैसा दिला की हिशेब विचारण्याचा हक्क येतोच. तो निवडण्याच्या हक्कापर्यंत पोहोचतो का?

डिसेंबर 2022 ची घटना इथे तपासून पाहण्यासारखी आहे. कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार जाहीर झाला. टीका सुरू होताच 12 डिसेंबरला सरकारने आदेश काढून पुरस्कार रद्द केला आणि निवड समितीही बरखास्त केली. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळातून काही सदस्यांनी राजीनामे दिले, काही लेखकांनी आपले पुरस्कार नाकारले.

सरकारची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. नक्षलवादाने गडचिरोलीत पोलिसांचे आणि आदिवासींचे रक्त सांडले आहे. त्या चळवळीशी संबंधाच्या आरोपावरून तुरुंगात राहिलेल्या माणसाच्या आठवणींवर सरकारी मोहोर उमटली तर हिंसेला मान्यता दिल्यासारखे होईल, असे अनेकांना मनापासून वाटले. करदात्याचा पैसा आहे आणि लोकांनी निवडून दिलेल्या सरकारने लोकभावनेला उत्तर द्यायला हवे, हाही मुद्दा खरा. पण या सगळ्या गोष्टी नियम करण्याच्या आहेत, आणि नियम स्पर्धेच्या आधी करायचे असतात. अमुक प्रकारचे पुस्तक पुरस्काराला पात्र नाही असे सरकारला म्हणायचे असेल तर ते आधी लेखी जाहीर करावे, त्यावर विधिमंडळात चर्चा होऊ द्यावी, गरज पडल्यास न्यायालयात त्याचे समर्थन करावे. जाणकारांची समिती नेमायची, तिने पुस्तके वाचून निर्णय द्यायचा आणि निकाल आवडला नाही की समितीच मोडायची, यात लोकमताचा आदर नाही. समितीच्या पुढच्या सदस्यांना त्यातून एवढेच कळते की पुस्तक वाचण्याआधी वारा कुठून वाहतो ते पाहावे. ज्या मंडळाची स्थापना 1960 मध्ये यशवंतरावांनी केली आणि ज्याचे पहिले अध्यक्षपद तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या स्वतंत्र बुद्धीच्या माणसाकडे दिले, त्या परंपरेला हे शोभणारे नव्हते.

निवडीपासून सरकारने हात दूर ठेवायचा ही काही परदेशी चैन नाही. ब्रिटनने 1946 मध्ये आर्ट्‌स कौन्सिल स्थापताना ते तत्त्व स्वीकारले हे खरे. नाझींनी 1933 मध्ये साऱ्या कलावंतांना एका सरकारी ‘चेंबर’मध्ये कोंडले होते, युद्धानंतरच्या पश्चिम जर्मनीने संस्कृतीचा कारभार मुख्यतः घटकराज्यांकडे ठेवला, तो या अनुभवानंतरच. पण आपल्याकडेही 1954 मध्ये साहित्य अकादमी सुरू झाली तेव्हा पंतप्रधान नेहरू स्वतः तिचे अध्यक्ष होते, आणि अकादमीचा अध्यक्ष या नात्याने पंतप्रधानाची ढवळाढवळ आपल्याला चालणार नाही, असे त्यांनी सांगून टाकले होते. बोलण्यात विनोद होता, तरी अध्यक्षाच्या आणि पंतप्रधानाच्या खुर्चीत अंतर असते हे त्यात गृहीत होते.

या तत्त्वाची किंमतही सांगायला हवी. मंत्र्यांचा हात दूर गेला की कंपूचा हात जवळ येतो. त्याच त्या 10-12 जाणकारांनी एकमेकांची पुस्तके उचलायची, एकमेकांच्या शिष्यांना शिष्यवृत्त्या द्यायच्या, हे मराठी साहित्यव्यवहाराला अनोळखी नाही. ‘तृतीय रत्न’ कोणा मंत्र्याने नव्हे, कमिटीतल्या विद्वानांनी नाकारले होते. म्हणून स्वायत्तता म्हणजे बंद दार नव्हे. समितीत कोण आहे, किती वर्षे आहे, कोणाशी हितसंबंध आहेत, निवडीची आणि नकाराची कारणे काय, हे सगळे उघड्यावर असले पाहिजे. पुण्या-मुंबईबाहेरच्या, वेगवेगळ्या जातिधर्मांच्या, बोलीभाषांत लिहिणाऱ्या माणसांना समितीत जागा हवी, आणि 3 वर्षांनी ती जागा दुसऱ्याला सोडायला हवी. सरकारने हिशेब जरूर विचारावा. तो प्रक्रियेचा विचारावा, आशयाचा नको.

निवडीचा दुसरा मार्ग म्हणजे कात्री. 1876 चा नाट्यप्रयोग कायदा इंग्रजांनी आणला. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर 1910 मध्ये बंदी आली ती त्याच राजवटीत. तो केंद्रीय कायदा संसदेने 2017 च्या निरसन विधेयकाने कायमचा मोडीत काढला. पण महाराष्ट्रात पोलीस कायद्याखालच्या नियमांनी आलेले रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ राहिले. नाटक जाहीरपणे करायचे तर संहिता आधी मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यायचे, असा हा रिवाज आहे. ‘सखाराम बाइंडर’चा 1972 मधला झगडा उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कमलाकर सारंग जिंकले. 2016 मध्ये अमोल पालेकरांनी या पूर्वतपासणीलाच न्यायालयात आव्हान दिले.

मंडळाच्या समर्थकांचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. प्रमाणपत्र हातात असले की गावोगावी फिरणाऱ्या निर्मात्याला ढाल मिळते. स्थानिक पोलिसाने किंवा पुढाऱ्याने हरकत घेतली तर कागद दाखवता येतो. नाटक प्रत्यक्ष माणसांसमोर होते, तिथे भडका लवकर उडू शकतो, हेही खरे. पण ढाल म्हणून दिलेला कागद आधी कात्रीखालून जावा लागतो, आणि जमाव चालून आला तर तो कोणी वाचत नाही. चिथावणी, बदनामी, अश्लीलता यांसाठी कायदे आहेत. प्रयोगानंतर त्यांचा आधार घेता येतो. पुस्तक छापण्याआधी परवानगी लागत नाही, मग तेच शब्द रंगमंचावर उच्चारायला का लागावी, याचे पटणारे उत्तर आम्हाला अजून मिळालेले नाही. वयोगट सांगणारे ऐच्छिक वर्गीकरण ठेवावे आणि सक्तीची पूर्वतपासणी बंद करावी.

राहिला संरक्षणाचा मुद्दा. पुण्याचा इतिहास सांगतो की इथे कलाकृतीचा गळा सरकारपेक्षा समाजानेच अधिक वेळा धरला. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972 रोजी भरत नाट्य मंदिरात झाला, गदारोळ उठला आणि 19 प्रयोगांनंतर ते थांबवले पीडीएने, म्हणजे निर्मात्या संस्थेनेच. तरुण मंडळींनी बाहेर पडून 1973 मध्ये थिएटर अकॅडमी काढली म्हणून ते नाटक जगभर गेले. 5 जानेवारी 2004 रोजी जेम्स लेनच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावरून भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि पिढ्यानपिढ्या जपलेल्या संग्रहाची नासधूस झाली. सरकारने पुस्तकावर बंदी घातली. ती उच्च न्यायालयाने उठवली आणि 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.

अगदी अलीकडे, 2 फेब्रुवारी 2024 रोजी, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीला करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गमतींवरचे विद्यार्थ्यांचे नाटक अभाविपच्या कार्यकर्त्यांनी बंद पाडले. धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा दाखल झाला. विभागप्रमुख आणि 5 विद्यार्थ्यांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी केंद्रात तोडफोड झाली. ज्यांना ते नाटक खटकले त्यांच्या भावना खोट्या ठरवण्याचे कारण नाही. राम हा कोट्यवधी लोकांच्या घरातला माणूस आहे. त्याच्या वेशातल्या नटाला शिवी देताना पाहून श्रद्धावान प्रेक्षक दुखावू शकतो. त्याने उठून जावे, निषेधाचे पत्रक काढावे, तक्रार करावी, वाटल्यास दुसरे नाटक लिहावे. हे सगळे लोकशाहीत बसते. प्रयोग चालू असताना मंचावर चढणे त्यात बसत नाही. आणि अशा वेळी यंत्रणेचा पहिला हात नाटक करणाऱ्याच्या मनगटावर पडला, तर पुढच्या वेळी कोण ओरडून जिंकणार हे ठरून जाते.

कायदा याबाबत मुका नाही. 1989 मध्ये रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दाबता येणार नाही. जमाव आवरता येत नाही ही सबब राज्याने सांगायची नाही. 2019 मध्ये ‘भोबिष्योतेर भूत’ हा बंगाली चित्रपट चित्रपटगृहांतून अघोषितपणे उतरवला गेला, तेव्हा त्याच न्यायालयाने पश्चिम बंगाल सरकारला 20 लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. तिथले सरकार वेगळ्या पक्षाचे, इथले वेगळ्या, दुखणे एकच. राज्याच्या सांस्कृतिक धोरणात महोत्सव आणि पुरस्कार यांच्याइतक्याच ठळकपणे हे कर्तव्य लिहिले गेले पाहिजे: परवानगी घेऊन चाललेला प्रयोग पूर्ण होऊ देणे ही पोलिसांची जबाबदारी, आणि तो बंद पडला तर नुकसानभरपाई सरकारची. यासाठी नवी इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. बहुधा म्हणूनच हे कलम कोणाला सुचत नाही. धाक बसला की लोक स्वतःच कात्री चालवू लागतात. 2019 च्या अखेरीस फिरोदिया करंडक या महाविद्यालयीन स्पर्धेच्या आयोजकांनी काही संवेदनशील विषय टाळण्याची अट घातली आणि टीकेनंतर मागे घेतली. तिथे सरकारी आदेश कुठलाच नव्हता.

राज्याच्या धोरणाबद्दल बोलताना महापालिकेला विसरून चालणार नाही, कारण सामान्य पुणेकराची संस्कृतीशी गाठ तिच्याच नाट्यगृहात पडते. पु. ल. देशपांडे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेले बालगंधर्व रंगमंदिर 26 जून 1968 रोजी सुरू झाले. गेली काही वर्षे त्याच्या पुनर्विकासाचा वाद चालू आहे. इमारत जुनी झाली, वाहनतळ अपुरा, तांत्रिक सोयी मागे पडल्या, एका जागी अनेक रंगमंच मिळतील, असे पुनर्विकासवाले म्हणतात; त्यात तथ्य आहे. चांगली वास्तू पाडून तिथे व्यापारी संकुल होईल आणि बांधकामाच्या काळात नाटकवाल्यांनी जायचे कुठे, असे विरोधक विचारतात. त्यातही तथ्य आहे. असा निर्णय सभागृहात खुलेपणाने व्हायला हवा होता. पण 14 मार्च 2022 रोजी महापालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे शहर प्रशासकाच्या हाती राहिले. लोकनियुक्त सभागृह नसताना सांस्कृतिक वास्तूंचे निर्णय पुढे रेटणे हे लोकशाहीच्या दृष्टीने आडवळणच आहे. नकाशे, खर्च आणि पर्यायी जागा यांवर जाहीर सुनावणी झाल्याशिवाय बालगंधर्वच्या भिंतीला हात लावू नये, असे आमचे मत आहे.

2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली. शहर पसरले, रंगमंच मात्र बहुतांशी जुन्या पुण्यात आणि कोथरूडकडे राहिले. हडपसरला विठ्ठल तुपे नाट्यगृह झाले, तशी आणखी मोठी नाट्यगृहे बांधण्याचा मोह होईल. त्याऐवजी 100-150 खुर्च्यांची, साध्या दिव्यांची, विद्यार्थ्याला परवडेल अशा भाड्याची सभागृहे उपनगरांत उभी राहिली तर तिथला भजनी मंडळाचा माणूस, एकांकिका करणारी मुलगी आणि लावणीचा फड यांना एकाच फलकावर तारखा मिळतील. तारखांचे वाटप संकेतस्थळावर उघड दिसावे. कोणाला का मिळाली आणि कोणाची का रद्द झाली हे कोणालाही वाचता यावे. स्मारकाच्या भूमिपूजनाला फोटो चांगला येतो, तारखांच्या फलकाला येत नाही. पण जिवंत संस्कृतीचा हिशेब फलकावरच लागतो.

या साऱ्याचा आमचा निवाडा असा: सरकारने पैसा द्यावा आणि आजच्यापेक्षा जास्त द्यावा, निवड स्वायत्त, फिरत्या आणि उघड कारभाराच्या समित्यांकडे सोपवावी आणि त्यांचा निकाल मंत्र्याने फिरवू नये, सक्तीची पूर्वतपासणी रद्द करावी, आणि प्रयोगाचे संरक्षण हे धोरणाचे पहिले कलम करावे. यातून आपल्याला न आवडणारी पुस्तके आपल्याच पैशातून गौरवली जातील, हे आधीच मान्य करायला हवे. ज्यांना ते खपत नाही त्यांनी उद्या सरकार बदलल्यावर हीच कात्री आपल्या आवडीच्या पुस्तकावर चालेल, हेही लक्षात घ्यावे.

पुणेकरांना मात्र धोरणाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. नागरिकांच्या सूचना मागवून त्यांचा अंदाजपत्रकात समावेश करण्याची पद्धत पुणे महापालिकेने 2006-07 पासून सुरू केली आहे. बहुतेक सूचना पदपथ, बाक आणि गटारांच्या असतात. पुढच्या वेळी आपल्या प्रभागासाठी एका छोट्या रंगमंचाची, अभ्यासिकेबरोबर वाचनालयाची किंवा नाट्यगृहाच्या तारखांच्या जाहीर फलकाची सूचना क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्या, आणि ती नाकारली गेली तर कारण लेखी मागा.